कानाडोळा

पुन्ता अरेनास. बंदराचं ऑफिस, रात्रीचे अडीच.
सामुद्रधुनीवरून आलेला वारा छपराचे पत्रे उचकटतोय.
रायेन जुन्या हबसमोर मांडी घालून बसली आहे;
इतका जुना, की एकाचं बोलणं सगळ्यांच्या दारी जातं.

प्रत्येक कार्ड प्रत्येक पाकीट हाती घेतं,
वरचा पत्ता वाचतं,
आपला नसला तर टाकून देतं.
बारा वर्षांत एकानेही
दुसऱ्याचं पाकीट फोडलेलं नाही.
पुस्तकात याला फिल्टर म्हणतात.
मी कानाडोळा म्हणेन.

आज जाळं तुंबलंय, कारण सापडत नाही,
म्हणून तिने एक ओळ टाइप केली,
आपल्या कार्डाला सांगितलं: सगळं घे.

मग आलंच सगळं.
क्रेनच्या वेळा, प्रिंटरची कुरकुर,
कुणाचा तरी पासवर्ड, उघडावाघडा,
मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल.
आणि मधेच, तुकड्यातुकड्यांनी,
गोदामातल्या ओस्वाल्दोची बहिणीला मेल:
फुफ्फुसात आहे म्हणाले. इथे कुणाला बोललो नाही.

चारला सापडलं. तिसऱ्या मजल्यावरचं
एक बिघडलेलं कार्ड,
ऐकायचं विसरून नुसतं बडबडत सुटलेलं.
तिने ते उपटलं. फाइल पुसली.
आपल्या कार्डाला पुन्हा सवय लावली
फक्त स्वतःच्या नावाची.

सातला ओस्वाल्दो दोन कप कॉफी घेऊन आला.
मिळालं का काही?
एक कार्ड खराब होतं, ती म्हणाली.
तो खोकला, भिंतीकडे तोंड करून, बराच वेळ.
वारा फार आहे, म्हणाला.
हो, ती म्हणाली, वारा.