चौथी लिपी

ट्रेलरवरून ते आलं तेव्हा पंख वेगळे होते,
दोरखंडानं बांधलेले, मांडवाच्या फळ्यांसारखे.
सांबऱ्याच्या वळणावर बागलकोटची बस अर्धा तास अडली.
कंडक्टर उतरून म्हणाला, "इदेन्री?"
कुणीतरी मराठीत उत्तर दिलं, "मिग. एकवीस.
म्हातारं झालंय. शाळेपुढं ठेवणार."

मी रंगारी. माझं काम सोपं:
राखाडीचे दोन हात, शेपटीवर तिरंगा, पंखांवर चक्र,
आणि चबुतऱ्यावर पाटी.
पाटीची भाषा ठरायची होती.
पंचायतीत तीन बैठका झाल्या,
चहाचं बिल माझ्या बिलाच्या पुढं गेलं.

भरमाण्णा हलगेकर रोज सकाळी यायचा,
रिटायर सार्जंट, एअरफ्रेम फिटर,
हातात रॉकेलचा बोळा.
"काय करूलालास बा? आधी खरवड, मग रंगव,"
म्हणत स्वतःच पोटाखाली वाकायचा
आणि घासत राहायचा, म्हैस धुतल्यागत.

तिसऱ्या दिवशी रंगाखालून अक्षरं वर आली.
आपली नव्हेत, कन्नडही नव्हेत,
इंग्रजी वाटता वाटता हुकलेली:
उलटा आर, उपडी खुर्ची, दांडा मोडलेला त्रिशूळ.
"रशियन," भरमाण्णा म्हणाला.
"वाचता येत नाही. अर्थ पाठ आहे.
इथं पाय देऊ नये."

मग चाकाच्या सावलीत बसला
आणि वतनाच्या वाटण्या सांगाव्यात तसं सांगू लागला.
"भावकी मोठी याची.
इजिप्तला गेलेली कितीतरी जमिनीवरच जळाली,
चाकं उचलायच्या आत.
व्हिएतनामात झाडपाल्याखाली झाकून ठेवायचे.
फिनलंडात बर्फ. तिथल्या फिटरची बोटं कशी चालत असतील
हे मला कधी कळलं नाही.
क्युबात उसाचे फड, आपल्या चिकोडीसारखे.
जर्मनीत तर एके दिवशी देशच मिटला.
शेपटीवरचं चिन्ह खरवडलं, दुसरं काढलं.
नट तेच. पाना तोच.
आणि युगोस्लाव्हियात घर फुटलं,
एका शेडमधली काही इकडं गेली, काही तिकडं,
आवाजावरून ओळखू येईना, आपलं कुठलं."

"चिन्हं खरवडणारा कोण असेल तिकडं?"
"तुझ्यासारखाच कोणतरी. रोजावर."

मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.
माझ्या बापानं खडेबाजारात
एकाच दुकानाची पाटी आठ वेळा रंगवली होती.
दुकान तेच. तूरडाळ तीच.
प्रत्येक वेळी मजुरी मात्र चोख मिळाली.

"आणि आपल्याकडं?"
नाकातल्या सुळक्याकडं तो बराच वेळ बघत राहिला.
तिथं आता चिमण्यांनी काड्या आणायला सुरुवात केली होती.
"फॉर्म सातशे. उडायच्या आधी त्यावर सह्या.
आधी माझी, मग वैमानिकाची.
त्या दिवशी पोराकडं पेन नव्हतं, माझं दिलं.
बाहीच्या खिशात खोचत म्हणाला, उतरल्यावर देतो.
लोक काय काय नावं ठेवतात या विमानाला. ठेवू देत.
चौकशीत माझी चूक निघाली नाही.
कागद आहे घरी, ट्रंकेत."
थोडं थांबून म्हणाला,
"हिरव्या टोपणाचं होतं."

सुतळी आणि खिळा घेऊन मी चक्र आखलं,
केशरी, पांढरं, हिरवं, आतून बाहेर की बाहेरून आत
हे त्यालाच दोनदा विचारलं.
हिरवं भरताना तो उठून हापशाकडं गेला.

पाटीचा निकाल अजून नाही.
चबुतऱ्यावर नुसता प्रायमर आहे,
पोरांनी त्यावर खडूनं स्टंप काढलेत,
बाद झालं की दोन्ही भाषांत भांडतात.

पोटाखाली वीतभर जागा मी तशीच सोडली.
वाकल्याशिवाय दिसत नाही.
बिल मात्र अख्ख्या पोटाचं लावलंय.