हिरवा ठिपका

रॉडेलिनला गणितात चौऱ्याहत्तर.
पास व्हायला पंचाहत्तर लागतात आमच्याकडे, सामार बेटावर.
एका गुणाने गेलेली मुलगी
कुसळासारखी सलत राहते डोळ्यात.

गेल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी होते.
तेव्हा तिच्या फोनवर फुकटचं नेट चालायचं,
ज्यात अक्षरं दिसतात, चित्रं दिसत नाहीत.
मी वर्गाच्या ग्रुपवर त्रिकोण पाठवायचे,
तिच्याकडे पोचायचा नुसता करडा चौकोन.
"मॅम, कोन ब कुठे आहे? डावीकडे का?"
मी शब्दांत सांगायचे, ती वहीत काढायची.
अख्ख्या वर्गात त्रिकोण कळला तो तिलाच.

आता आई हाँगकाँगहून
दर शनिवारी रिचार्ज टाकते.
चित्रं उघडली.
एकदम सगळीच.
करड्या चौकोनांआड एवढं जग दडलंय
हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं:
कुणाच्या तरी वाढदिवसाचा तीन मजली केक,
सेबूच्या मॉलमध्ये बूट घालून बघणाऱ्या मुली,
आणि आई,
गुडघे टेकून
दुसऱ्याच्या पोराच्या बुटाची नाडी बांधणारी.
खाली एकशे बारा बदाम.
त्यातला एक रॉडेलिनचा.

पहिल्या तासाला ती बसल्या जागी पेंगते.
खिडकीतून वाळत्या मासळीचा वास येतो,
फळ्यावर मी काढलेला त्रिकोण
तिच्या डोळ्यांवरून ओघळून जातो,
आणि अंगठा बाकावर आपोआप वर सरकतो,
पुढचं काहीतरी यावं म्हणून.

शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं तिला.
"रात्री दीडला जागी असतेस," म्हटलं,
"नावापुढे हिरवा ठिपका असतो तुझ्या."
बोलून गेले आणि जीभ चावली.
ती नखाने बाकाचा रंग खरवडत राहिली.
मग अगदी साध्या आवाजात,
जशी एके काळी कोन ब विचारायची तशी:
"तुमच्याही असतो, मॅम."

घरी येऊन तिचा पेपर पुन्हा काढला.
मी तो दीड वाजताच तपासला होता,
एका हातात लाल पेन,
दुसऱ्यात दुसऱ्यांच्या शाळांतले
फुगे लावून सजवलेले वर्ग.

चौथा प्रश्न. आकृती नाही म्हणून शून्य.
पण खाली, पेन्सिलने, बारीक अक्षरात:
'कोन ब डावीकडे, खाली.
होडीचं नाक वाळूत रुततं तेवढा तिरपा.
म्हणून उरलेला कोन साठ.'

साठच होता.
मी वाचलंच नव्हतं.

म्हणजे शहात्तर.
रजिस्टरमधली खाडाखोड मुख्याध्यापकांना दाखवावी लागते,
त्यासाठी छापील फॉर्म आहे.
नाव लिहिलं, इयत्ता लिहिली, जुने गुण, नवे गुण.
शेवटचा रकाना 'चुकीचे कारण'.
शेजारी फोन थरथरला,
पालथा घातला.
पेन अजून तिथेच टेकलेलं आहे,
कागदावर शाई पसरत चाललीय,
गोल.