गिरण बंद ठेवून

मंगळवार पेठेत, ढमढेऱ्यांच्या गिरणीच्या माळ्यावर
आमचा स्टुडिओ. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
तरी खालचा पट्टा फिरला की माईक थरथरतो.
म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी गिरण बंद.
पाटी मीच लिहिली होती :
'महाराजांच्या गाण्यासाठी दोन तास दळण मिळणार नाही.'
यावर कोण बोलणार?

गाणंही माझंच. एका गाण्याचे अकराशे,
तारखेच्या आणि तिथीच्या, दोन्ही जयंत्यांना चालेल असं.
नऊ वर्षांत सतरा वेळा मी राजाला परत बोलावलं.
तलवारीला दरबार जोडून झाला,
टापांना पापा सुचला, तो खोडला.
या खेपेला लिहिलं :
"गडाची वाट झाडून ठेवली, राजं, कधी येणार?"
कुणी झाडली, हे मला विचारू नका.
गडावर मी शेवटचा गेलो तो शाळेच्या सहलीत.

जालिंदर गायला उभा राहिला.
आधी कबुतर. मग जुन्या बाजाराकडून भंगारवाला.
मग त्याचाच आवाज फाटला, 'येणार'मधल्या 'णा'वर,
खरंच कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.
बापू म्हणाले, रड, पण सुरात रड.

सातव्या टेकला सगळं जुळलं.
शेवटची ओळ. "राजं, कधी येणार?"
आणि पुढे मुद्दाम ठेवलेली चार मात्रांची शांतता.
तेवढ्यात जिन्याखालून हौसाबाई थोपटे,
अकरा वाजल्यापासून ज्वारीचा डबा घेऊन बसलेल्या :
"आरं, येतूय का न्हाई त्यो?
माझं पीठ ऱ्हायलंय."

कुणी हसलं नाही.
आठवा टेक घ्यायला जालिंदरचा गळा उरला नव्हता.
बापूंनी त्यांचा आवाज खाली ओढला, वर नगारा टाकला,
नगाऱ्यावर तुतारी.
मी जाऊन पाटी उतरवली.
पट्टा फिरायला लागला तशा हौसाबाईंनी विचारलं,
"किती मिळालं गाण्याचं?"
अकराशे म्हटलं.
"बरं हाय," म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण काढलं.

आज लाल महालापाशी स्पीकरची भिंत उभी आहे.
पोरांच्या कपाळी चंद्रकोर, दुकानांच्या काचा हलताहेत.
हजार गळे एका दमात विचारतात, कधी येणार,
मग नगारा.

लोक नाचतात. मी मात्रा मोजतो.
नगाऱ्याच्या बुडाशी, खरखर म्हणावी इतकीच,
एक बाई अजून बसलीय
डबा धरून.