रकाना क्रमांक एक

अर्ज काळ्या शाईत भरा.
निळी चालत नाही. का, ते मलाही कुणी सांगितलेलं नाही;
एकोणीस वर्षं या खिडकीमागे बसून
निळे अर्ज परत पाठवते आहे.
चूक झाली तर नवा कागद घ्या.
पांढरी शाई फासू नका. पांढऱ्याखाली काय होतं
ते बघायचा मोह होतो आम्हाला, आणि मग उशीर होतो.

जन्मतारीख. काउंटी. आईचं माहेरचं आडनाव.
इथं पुष्कळ जण अडखळतात.
आईला आपल्याआधी एक वेगळं आडनाव होतं
हे कित्येकांना माझ्यासमोरच उमगतं.
ओळखपत्राची प्रत जोडा. मनीऑर्डर चालेल, नोटा नकोत.
आणि तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट,
तुमच्याच हस्ताक्षरात तुमच्याकडे परत येणारं.

व्हर्लिन स्टुट्झकेनं सगळं नीट पाठवलं होतं.
अक्षर जुन्या शाळेतलं, उजवीकडे कललेलं.
कारणाच्या ओळीत:
‘नातीचं लग्न, रिजायनात. पासपोर्ट हवा.
आजवर कुठं गेलो नाही. गुरं होती.’

मी तळघरात उतरले. फेब्रुवारी त्रेपन्न.
जाड वही, पानांना रॉकेलच्या दिव्याचा वास
किंवा मला तसा भास.
स्टुट्झके. मुलगा. जिवंत.
नावाचा रकाना कोरा.
शाई उडालेली नव्हती, मी भिंगातून पाहिलं,
तिथं कधी टाक टेकलाच नव्हता.

होतं तसं. दुसरा फॉर्म असतो त्यासाठी.
चर्चची नोंद, शाळेचा दाखला,
आणि तुमचा जन्म आठवणारं एखादं माणूस,
तुमच्याहून मोठं, शपथेवर.

तो स्वतःच आला. एकशेसाठ मैल, पिकअप घेऊन,
टोपी हातात, बुटांचा बर्फ माझ्या फरशीवर.
“म्हणजे एकाहत्तर वर्षं मी होतो तरी कोण?”
मी वहीतलं वाचून दाखवलं: मुलगा. जिवंत.
जरा विचार केला त्यानं.
“हे खरंय,” म्हणाला.

चर्च एकसष्ट साली जळालं होतं.
शाळेत नुसतं ‘व्ही.’
राहता राहिली थोरली बहीण, आर्डिथ,
त्र्याऐंशीची, चाकाच्या खुर्चीत, नोटरीसमोर.
तिचा जबाब टपालानं आला, दीड पान:

‘याच्याआधी एक व्हर्लिन होता. अकरा दिवस.
हा झाला तेव्हा नोंदवणारा बाई-माणसाची चौकशी करत
अंगणातच उभा राहिला, हिमवादळ होतं.
पप्पा म्हणाले, मुलगा झालाय एवढंच लिही.
थंडी निघू दे याची, मग बघू.
एप्रिलमध्ये मम्मीनं चुलीपाशी हाक मारली त्याला,
व्हर्लिन, म्हणून. मी ऐकली.
मी बारा वर्षांची होते, बटाटे सोलत होते.
पुढं कुणी कळवायचं तुम्हाला? रस्ते बंद होते,
मग पेरणी आली.’

मी पुन्हा खाली गेले. एक्कावन्न, नोव्हेंबर.
व्हर्लिन ऑगस्ट स्टुट्झके. पूर्ण नाव, सुरेख वळण,
एकही रकाना सुटलेला नाही.
टाचणीनं लावलेलं दुसरं पान. टाचणी गंजलेली.

बारसं झालं त्याचं गुरुवारी, दुपारी सव्वादोनला,
खिडकी क्रमांक तीन. मी टाइप केलं, साहेबांनी सही केली.
कागद हातात धरून तो बराच वेळ उभा.
मागं रांग. एक बाळ किरकिरत होतं.

मग म्हणाला, “त्याचाही द्या एक.”
मी अर्ज सरकवला. पेन दिलं, काळं.
नाव: व्हर्लिन स्टुट्झके.
अर्जदार: व्हर्लिन स्टुट्झके.
नातं: भाऊ.
कारणाच्या ओळीवर पेन थांबलं,
टोकाशी शाईचा एक ठिपका जमला,
आणि त्यानं अर्ज तसाच माझ्याकडं ढकलला.

अपुरा अर्ज परत करायचा असतो.
भिंतीवर लिहिलंय, ठळक अक्षरांत, मीच चिकटवलंय ते.

मी शिक्का मारला. फी घेतली.
त्यानं नोटाच दिल्या.