बिलावरच्या दोन ओळी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
बोद्दुल टेक्स्टाइलच्या पत्र्याखाली
मी बिलं काढते.
टॉवेल, साठ डझन, पांढरा, लाल काठ.
खाली दोन ओळी:
केंद्राचे अडीच टक्के,
राज्याचे अडीच टक्के.
भावांनी भाकरी मोडावी तसे, अगदी सारखे.
थापायला मात्र दोघंही नव्हते.

माल बार्शीला गेला तर दोन ओळी.
विजापूरला गेला तर एकच, पाचाची.
टाकळीच्या पुढं भीमा ओलांडताना
टॉवेलला काही कळत नाही,
तीच वीण, तोच काठ.
माझ्या कॉम्प्युटरला कळतं.
विजापूरचे शिवशरणप्पा हत्तूर फोनवर विचारतात,
"बाई, आमचा अर्धा कुठं गेला?"
"आधी दिल्लीला, मग तुमच्या बेंगळुरूला."
ते हसतात.
"म्हणजे टॉवेलापेक्षा करच जास्त फिरला की."

आठवीत कुरापती बाईंनी
फळ्यावर तीन रकाने आखले होते.
पहिल्यात रेल्वे, टपाल, लढाई.
दुसऱ्यात पोलीस, शेती, दवाखाने.
तिसऱ्यात वीज, कामगार, जंगल आणि लग्न.
"हे दोघांचं. आणि भांडण झालं तर
बहुतेक वेळा वरच्याचं."
कुठल्याच यादीत नसेल ते?
"तेही वरच्याचं."
मला वाटलं, वरचा म्हणजे देव.
पेपरात तसंच लिहिलं.
बाईंनी अर्धा मार्क दिला,
का दिला ते अजून कळलेलं नाही.

परवा दुपारी वीज गेली.
चाळीस माग एका दमात थांबले
आणि शेडमध्ये पहिल्यांदा
राजय्याचा खोकला ऐकू आला.
म्हणजे तो आधीपासून होताच,
खटखटीच्या आत,
आतल्या धाग्यासारखा.

त्याचा विमा वरच्यांचा.
दर महिन्याला पगारातून कापला जातो,
मीच कापते.
दवाखाना होटगी रोडचा, राज्याचा.
खिडकीतला माणूस वाईट नव्हता,
म्हणाला, "कार्ड बंद दिसतंय, तिकडं कळवा."
तिकडून उत्तर आलं, "दवाखान्यामार्फत कळवा."
राजय्या दोन कागद घेऊन परत आला,
दोन्हींवर शिक्का,
दोन्हींवर तोच सिंह.

मी फॉर्म भरायला बसले.
तो म्हणतो दग्गु,
शिवशरणप्पा म्हणाले असते केम्मु,
मी लिहिलं खोकला.
रकाना एवढासा, तरी मावला.
पुढचा प्रश्न होता: किती दिवसांपासून?
राजय्यानं छताकडं पाहिलं,
पंख्याच्या पात्यांवर तूस साचली होती,
राखाडी, मऊ, बोटभर.
"एवढ्या," तो म्हणाला.

तेवढ्यात वीज आली.
चाळीस माग एकदम बोलायला लागले.
मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला
आणि सांगोल्याचं बिल काढलं.
अडीच.
अडीच.
मागं तो खोकत असणार.