खोली: उणे तीनशे दहा

डोलकाठी मोडली विशाखापट्टणमच्या अलीकडे, चाळीस मैलांवर,
आणि मालक फोनवर म्हणाला, आता रस्त्यानेच आणा मुंबईला.
म्हणून आमची टिटवी अठरा चाकांवर चढली,
पोटाखाली सागवानी ओंडके, बगलांना जुने टायर,
आणि चौथ्या पहाटे वाडी नाक्यावर थांबली.
दिवसा शहरात जड गाड्यांना बंदी.
साहू ड्रायव्हर म्हणाला, रात्री दहाला सुटू. झोपा.

बेचाळीस दिवसांनी किनाऱ्यावरची पहिली सुट्टी
आणि किनारा कुठेच नाही.
इनासने नकाशावर कर्कटक टेकवलं:
पूर्वेला सहाशे किलोमीटर, पश्चिमेला सातशे.
म्हणाला, याहून लांब पळता यायचं नाही, बाबा.

मे महिना. पंचेचाळीस.
ऊन चढलं तसं टिटवीचं अंग तडतडायला लागलं,
झोपेत कोणी बोटं मोडावीत तसं.
पंक्चरवाल्याच्या दुकानात शकूर कूलरसमोर डोळे मिटून बसला,
ओल्या वाळ्याच्या वासात,
आणि म्हणाला, सहा नॉट, आग्नेयेकडून, स्थिर.
थोड्या वेळाने कूलरमधलं पाणी संपलं.
वारा पडला, म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.

पोरं जमली. एकाने हात वर करून विचारलं,
काका, इच्यात पाणी किती मावते?
पाणी आत येऊ नये म्हणूनच असते रे ही.
मंग काऊन बनवली?
यावर इनासजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नाही.

दुपारी एका ऑटोवाल्याने आम्हाला हट्टाने फुटाळ्यावर नेलं.
पहा, म्हणाला, याच्यापुढे काय करते तुमचा समुद्र.
शकूर दाभोळचा, चार पिढ्या दर्यावर गेलेल्या.
त्याने अदबीने मान हलवली
आणि भाड्यावर दहा रुपये जास्त दिले.

चहाच्या टपरीवर मी ग्लास दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.
कौतिकाबाई बराच वेळ पाहत होती.
सोड, म्हणाली, टेबल कुठी जात नाही.
मी सोडला.
टेबल खरंच गेलं नाही. मीच जात होतो,
डावीकडे, उजवीकडे, बसल्या जागी.

मग तिने नाव वाचलं, एकेक अक्षर जोडत.
टिटवी? ते त आमच्या वावरातली.
भुईवर अंडे घालते, उघड्यावर.
तिले काऊन नेता समुद्रात?
आणि जरा थांबून, फडक्याला हात पुसत:
पाणी हाये का थोडंसं तिथलं? मले चाखाचं हाये.

इनासने तळाची बूच सैल केली.
जे निघालं ते काळपट होतं, डिझेलच्या वासाचं,
त्यात दोराचा एक तुसा आणि मेलेला एक पिटुकला झिंगा.
पाऊण लोटा.
आम्हाला लाज वाटली. पाहुण्याला घर दाखवावं
आणि नेमकी मोरीच उघडी असावी, तशी.
मी म्हणालो, मावशी, हे नका घेऊ, शिळं आहे.
तिने करंगळी बुडवलीच.
जिभेवर ठेवून, डोळे बारीक करून,
भाजी चाखतात तेवढाच वेळ.
मीठ जास्त झालं, म्हणाली.
तरी लोटा ओतला नाही. त्यावर ताटली झाकली
आणि चुलीमागे सरकवला.
नात येते रामटेकवरून, रविवारी.

रात्री पावणेदहाला मी बॅटरीच्या उजेडात नोंदवही लिहिली.
वारा: कूलरचा, अधूनमधून.
खोली: समुद्रसपाटीहून वर असल्याने, उणे तीनशे दहा मीटर.
उतरवलेला माल: पाऊण लोटा.
चढवलेला: दोन डझन संत्री, बिनमोसमाची, आंबट.

साहूने गाडी सोडली.
पुढच्या वळणावर गतिरोधक आला, टिटवी मागे उचलली गेली,
आणि केबिनमध्ये बसल्या बसल्या
आम्ही तिघांनी एकदमच पाय फाकवले.