सुई आधी

"शीर आलंय, मॅडम," म्हणायचा वाल्हेकर
आणि मी डबा अर्धा टाकून उठायची.
कधी डालड्याच्या डब्यात, भुशात, बर्फात,
कधी नुसतंच खताच्या पिशवीत,
वर सुतळीनं बांधलेली चिठ्ठी:
कुत्रा, नर, अंदाजे तीन वर्षे,
चावलेले इसम पाच, म्हैस एक.
नावाला रकाना नव्हता.
तरी समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहायचंच,
चंप्या.

औंधातल्या त्या बैठ्या इमारतीत
एकतीस वर्षं मी कवट्या उघडल्या.
मेंदूत खोल एक वळण असतं
मेंढ्याच्या शिंगासारखं.
तिथे काच टेकवायची,
बाळाला तीट लावावी इतक्या हलक्या हातानं.
मग रंग, मग भिंग.
पेशीच्या पोटात किरमिजी ठिपका दिसला
की फोनकडे हात.

लग्नाकार्यात विचारायचे, काय करता?
सरकारी नोकरी, एवढंच सांगायची.
एकदा खरं सांगितलं
तर शेजारच्या बाईंनी
आपली मठ्ठ्याची वाटी जरा पलीकडे सरकवली.

अठ्ठ्याऐंशीचा मे.
वेल्ह्याहून निघालेली एसटी
कात्रजच्या घाटात चार तास बंद.
डब्यात उरलं होतं ते पातळ पिठल्यासारखं.
मी नियमानं लिहिलं:
नमुना कुजलेला, तपासणीस अयोग्य.
सही. शिक्का. टपाल.

पावसाळ्यात बबन रेणुसे आला.
टोपी हातात, कागद चार घड्यांचा,
घड्यांवर फाटलेला.
पोरीच्या गालाला चावलं होतं, सुलनच्या.
दवाखाना म्हणाला होता, रिपोर्ट येऊ दे,
पोटात चौदा सुया उगाच कशाला.
रिपोर्ट आला. त्यानं मास्तरांकडून वाचून घेतला.
"अयोग्य म्हंजी नाही, असंच ना बाई?"
तो भांडायला आला नव्हता.
त्याला फक्त शब्दाचा अर्थ विचारायचा होता.
मी पाण्याचा पेला पुढे केला.
त्यानं पेल्याकडे पाहिलं
आणि तो तसाच ठेवून
बराच वेळ बसून राहिला.

त्या शनिवारी अप्पा बळवंत चौकात
पदरचे अठरा रुपये देऊन
मी रबरी शिक्का करून घेतला:
सुई आधी. रिपोर्ट नंतर.
लाल शाई. प्रत्येक पोचपावतीवर.
ऑडिटवाल्यानं शेरा मारला,
सदर शिक्का नियमात नाही.
मी त्या शेऱ्यावरही तोच उमटवला.

पुढे नवं यंत्र आलं.
अंधाऱ्या खोलीत डोळा लावला
की विषाणू हिरवा चमकायचा, कैरीच्या सालीसारखा.
खरं सांगते, सुंदर दिसायचा.
जूनमध्ये भाच्यांनी काजवे बघायला नेलं,
अख्खं झाड लुकलुकत होतं,
सगळे गप्प झाले, आणि माझ्या तोंडून गेलं,
पॉझिटिव्ह.
कुणाला कळलं नाही. बरं झालं.

हल्ली सोसायटीत कुत्र्यांवरून दोन तट आहेत.
दोघेही मला मीटिंगला बोलावतात,
दोघेही नंतर माझ्यावर चिडतात.
मी म्हणते, खायला घाला की नका घालू,
लस टोचली का?
कुत्र्याची मौत म्हणजे काय,
ते मी पाहिलंय; शिवीसाठी वापरवत नाही.

परवा रात्री अकराला फोन.
वाल्हेकर. सुतारवाडीहून.
नातवाला पिल्लानं ओरखडलंय, नखच असेल,
रक्त नाही तसं, थोडंसंच, पिल्लू घरचंच म्हणा...
"साबणानं धुतलंत?"
"पंधरा मिनिटं. घड्याळ लावून."
"मग बोलताय काय? रिक्षा करा."
पलीकडे खड्ड्यात चाक आपटलं,
मूल खिदळलं.
"रिक्षातच आहे, मॅडम," तो म्हणाला,
"नुसतं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."